राजाला उलटं बोलायची नोकरी

शहागडच्या बाजारतळावर आमच्या फडाचा तंबू लागला होता, तेव्हाची गोष्ट. मी राजाला असं एक उत्तर दिलं की लोक हसता हसता कनातीवर पडले, कनात पडली, तंबू लोकांवर पडला आणि तंबूखालूनही हसणं थांबेना. महामार्गावरचे ट्रक उभे राहिले. शेजारून गोदावरी वाहते, ती म्हणे त्या दिवशी घटकाभर पैठणकडे उलटी वाहिली. ज्यांनी हे पाहिलं ते सगळे वारले, तेव्हा साक्षीदार मागू नका. माझं बोलणं ऐकायची रीत सोपी आहे. निम्मं सोडून द्या, उरलेल्यातून नदी काढून टाका. देव मानत नाही म्हणून देवाशपथ म्हणत नाही, पण जे राहील ते खरं.

मी सुदाम हसनाबादकर. तमाशातला माणूस आडनाव घरी ठेवतो आणि गावाचं नाव लावून फिरतो. या नावानं तुम्ही मला ओळखणार नाही. तुमच्यासाठी मी गणप्या. संध्याकाळच्या मालिकेतला आबासाहेबांच्या वाड्यावरचा गडी, दोन्ही कान धरून "चूक झाली सरकार!" म्हणणारा. तीस वर्षं तमाशात सोंगाड्या होतो, मग चार वर्षं टीव्हीवर गणप्या. या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "काका, तमाशा ते टीव्ही असा तुमचा खडतर प्रवास लिहा." मी म्हणालो, "बाई, प्रवास एसटीनं झाला. खडतर होताच, पण तो रस्त्याचा दोष." त्या हसल्या. लिहायला बसलो तर प्रवास बाजूला राहिला आणि पायातल्या जोड्यांची एक जोडीच डोळ्यापुढं यायला लागली. तिच्याकडे येतो. त्याआधी आमचा धंदा समजून घ्या.

तमाशात वग असतो, म्हणजे नाटक. त्यात राजा असतो, प्रधान असतो आणि एक सोंगाड्या असतो. गोष्ट ठरलेली असते, बोलणं ठरलेलं नसतं. राजाचं काम हुकूम सोडायचं, सोंगाड्याचं काम त्या हुकमाला उलटं उत्तर द्यायचं. ते उत्तर ज्या गावात तंबू आहे त्या गावाचं पाहिजे. आमच्या फडाचे मालक तात्या, राजाचं काम तेच करायचे. जाफराबादला त्यांनी विचारलं, "सोंगाड्या, प्रजा सुखी आहे ना?" मी म्हणालो, "हाये महाराज. आज तर एसटी टायमावर आली. पब्लिक इतकी घाबरली, कोणी बसंचना!" उत्तर पडलं की ढोलकीवाला एक थाप मारतो. ती थाप म्हणजे लोकांना परवानगी, आता हसा. तीस वर्षं मी त्या थापेवर जगलो.

आमच्या घरात मात्र तमाशाला परवानगी नव्हती. माझ्या वडलांनी तरुणपणी धम्माची दीक्षा घेतली. घरातले देव गेले, मेलेलं ढोर ओढायचं काम गेलं, आणि त्यांच्या मते नाचून पोट भरायचं कामही त्याच गाठोड्यात बांधून गेलं पाहिजे होतं. मी फडात गेलो तेव्हा ते म्हणाले, "आम्ही जे टाकून दिलं, ते तू उचलून आणलं." मी म्हणालो, "नाचायला न्हाई जात, दादा. मी राजाला उलटं बोलायला जातो. गावात आपल्याला कोणाला उलटं बोलता येतं का? तिथं येतं." ते माझ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. मी उलटं बोललो म्हणून नव्हे, त्यांना ते पटलं नाही म्हणून.

मग भोकरदनकडच्या एका गावची जत्रा आली. गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून माझे सोयरे नांदतात. जत्रेत पद्धत असते, रात्री तंबूत खेळ झाला की सकाळी देवळापुढं हजेरी द्यायची. म्हणजे उन्हात, उघड्यावर, सगळ्या गावासमोर पुन्हा थोडा खेळ. हजेरीच्या आधी पाटलाच्या घरून चहा आला. तात्यांना कपबशी, ढोलकीवाल्याला कपबशी. मी आणि आमच्या वस्तीतले आणखी दोघं, आम्हाला गोठ्याच्या कोनाड्यातले वेगळे कप. चहा वरून ओतला. पिऊन झाल्यावर घरचा गडी म्हणाला, "धुऊन पालथे घालून ठेवा."

आम्ही धुतले. पालथे घातले. आणि हजेरीला उभे राहिलो.

पाटील पुढं खुर्चीवर, गाव मागं. वगात तात्यांनी हुकूम सोडला, "सोंगाड्या, आम्हाला तहान लागली. चहा आण!" मी रिकामा तांब्या घेऊन आलो आणि चार हात लांब उभा राहिलो.

"जवळ ये रे."

"न्हाई महाराज. आपणच जरा तिकडं सरका. आमच्या घरात राजाचा विटाळ धरतात."

तात्या जुना माणूस. सकाळचे कप त्यांनीही पाहिले होते. ते खरोखर मागे सरले. "विटाळ? राजाचा?"

"मंग! आपण लढाया करता, कोणाकोणाच्या मढ्याला शिवून येता, आम्हाला काय ठावं? म्हातारी म्हणाली, राजा आला तर चहा पाज, पण वरून ओत. अन् हे बघा, आपला कप गोठ्यात ठेवलाय. पिऊन झालं की बराबर धुवा. अन् पालथा घाला."

ढोलकीवाल्याची थाप पडलीच नाही. त्याचा हात वरच राहिला. सगळं गाव गप्प. त्या शांततेत मला माझ्या मिशा वाढताना ऐकू आल्या. मग मागून एक म्हातारी फिसकन हसली. तिच्यामागून बाया हसल्या, मग गडी हसले, सगळ्यात शेवटी पाटील हसला, कारण न हसता एकट्यानं बसणं त्यालाही जड गेलं. पुढच्या वर्षी त्या गावात सगळ्यांना कागदी कप होते, पाटलालासुद्धा. समता आली म्हणायची. पण प्यायची आणि फेकून द्यायची.

त्या हजेरीला गर्दीच्या मागं, बैलगाडीच्या चाकाला टेकून माझे वडील उभे होते. मला ठाऊक नव्हतं. घरी मुलगी झाली होती, ते सांगायला आणि मला घेऊन जायला आले होते. ते मला घेऊन हसनाबादला निघाले. घर दिसल्यावर म्हणाले, "बोललास, ते बराबर बोललास." आणि दारात चपला काढताना, "पोरीला मात्र शाळा."

ती मुलगी सुजाता. आज जाफराबादला शिक्षिका आहे. ती तमासगिराची पोरगी म्हणून शाळेत पोरी चिडवायच्या, तेव्हा ती भांडून यायची. एकीला म्हणाली होती, "तुझा बाप पाटलापुढं मान खाली घालतो, माझा बाप राजाला उभा करून बोलतो." हे मला तिच्या मास्तरांनी तक्रार म्हणून सांगितलं. मी ते बक्षीस म्हणून घरी आणलं.

आता टीव्ही. तात्या गेले, फड मोडला, आणि जालन्याच्या एका कार्यक्रमात मला एका तरुण दिग्दर्शकानं पाहिलं. मुंबईबाहेर एका शेडमध्ये प्लायवूडचा वाडा उभा होता. आबासाहेबांनी दाराला टेकायचं नाही असा तिथं नियम होता, टेकले तर वाडा जायचा. पहिल्या दिवशी मी भुवई उडवली तर कॅमेरावाला दोन पावलं मागं सरला. दिग्दर्शक म्हणाला, "काका, चेहरा कमी करा." तीस वर्षं मी भुवई शेवटच्या रांगेतल्या, झाडावर चढून बसलेल्या माणसापर्यंत पोचवत होतो. इथं झाड नव्हतं, माणूस नव्हता, आणि भिंग नाकाशी.

खरी गोची वेगळीच झाली. विनोद टाकला की मला थाप लागते. ती पडेना. मग माझा पायच आपोआप जमिनीवर आपटायचा. धप्प! आवाज टिपणारा मुलगा कानावरची यंत्रं काढून ओरडायचा, "वाड्यात कोण काय पाडून राह्यलंय?" तो आपल्याच परभणीकडचा होता. आठ दिवस माझ्या पायाखाली गादी अंथरून शूटिंग केलं. मालिकेच्या सुरुवातीला गणप्या जरा उंच दिसतो, त्याचं कारण ती गादी.

पण एक सांगतो. तिथं मला खुर्ची होती. पाठीवर माझं नाव लिहिलेली. चहा आला की सगळ्यांना एकाच किटलीतून, एकसारख्या कपात. आबासाहेबांचं काम करणारे गृहस्थ रंगभूमीवरचे मोठे नट. ते माझ्या डब्यातला ठेचा मागून खायचे, घामाघूम व्हायचे आणि परत मागायचे. कोणी जात विचारली नाही. मी मनात म्हणायचो, दादा, बघा, कुठं आलो.

फक्त उत्तर नव्हतं. कागदावर आबासाहेबांचे सहा संवाद आणि माझा एक, "चूक झाली सरकार." सुरुवातीला मी मधेच काहीबाही घालायचो. सेटवरचे दिवेवाले हसायचे. दिग्दर्शक म्हणायचा, "मस्त होतं काका, आता लिहिलंय तसं." हळूहळू मी लिहिलंय तसंच करू लागलो. ते सोपं होतं. लोकांना कान धरलेला गणप्या फार आवडला. जालन्याच्या स्टँडवर कंडक्टर तिकिटाऐवजी म्हणायचा, "काका, एकदा करा ना." मी करायचो. खोटं कशाला, मला आवडायचं.

मग सुजाताच्या शाळेचं स्नेहसंमेलन आलं. मला मानानं बोलावलं. प्रमुख पाहुणे भागातले एक बडे बागायतदार. माझं भाषण झाल्यावर ते खुर्चीतूनच म्हणाले, "भाषण राहू द्या हो. ते करून दाखवा. आमच्यापुढं." मंडप ओरडायला लागला, गणप्या, गणप्या! मी त्यांच्या पुढं गेलो, कान धरले, वाकलो, जोड्याला हात लावला. "चूक झाली सरकार!" पाहुण्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद देतात तसा. मंडप कोसळायचा तेवढा राहिला.

माइक सुजाताच्या हातात होता, सूत्रसंचालन तीच करत होती. ती म्हणाली, "यानंतर चौथीच्या मुलींचं लेझीम." त्या आवाजात काही नव्हतं. रागसुद्धा नव्हता.

जीपच्या थांब्यावर ती मला सोडायला आली. जीप भरत नव्हती, त्यामुळे बोलणं टळलं नाही.

"अण्णा, तुम्ही त्यांच्या पायाला हात लावला."

"खोटा गं. चार बोटं वर ठेवल्ता. त्यात कला असती."

"माझ्या पोरांना चार बोटं दिसली न्हाईत."

"टीव्हीवरचं आहे ते. लोक खुश होतात."

"लोक तवाही खुश व्हायचे." ती शाळेतल्या बाईंसारखी बोलते एरवी, चिडली की आमच्यासारखी. "आजोबांना काय सांगून गेल्ते तुम्ही घरातून? राजाला बोलतो म्हणून ना? आता कोणाला बोलून राह्यलात? वर्गात गेले की मागच्या बाकावरून आवाज येतो, चूक झाली सरकार. तमासगिराची पोरगी म्हणायचे तवा मी भांडले. आता काय म्हणून भांडू? ते खरंच म्हणून राह्यलेत."

जीपवाल्यानं नेमका तेव्हाच आवाज दिला, "चला गणपेराव!" मी बसलो. दोन तासांच्या रस्त्यात एकही उत्तर सुचलं नाही. मी, ज्यानं नदी फिरवली!

पुढच्या वेळी सेटवर गेलो तर कागद तयार. आबासाहेबांचे नवे जोडे गणप्याच्या हातून चिखलात पडतात. शिक्षा म्हणून त्यानं ते डोक्यावर घेऊन अंगणात फेरी मारायची. मी दिग्दर्शकाला म्हणालो, "सर, हे जरा..." तो म्हणाला, "काका, कॉमेडी आहे हो." चांगला पोरगा. त्याला खरंच काही दिसत नव्हतं. त्याच्या आजोबांच्या डोक्यावर कधी काही ठेवलं गेलं नसावं.

मी उभा राहिलो. दिवे लागले. आबासाहेब गरजले, "गणप्या! डोक्यावर घे!"

मी जोडे उचलले. डोक्यावर ठेवले. कागदावर इथं "चूक झाली सरकार" होतं. आणि मला त्या हजेरीतले तात्या दिसले, मागं सरलेले.

"घेतले सरकार," मी म्हणालो. "पण आता आपण काय घालणार? अनवाणी चालावं लागंल. अन् जोडे तर माझ्यापाशी. म्हंजे माझ्या मागून यावं लागंल. या, या. जपून, काटे हायेत. गाव विचारील, हे पुढं कोण अन् मागं कोण? मी सांगन, पुढं जोडे, मागं सरकार, मी कोणीच न्हाई."

मी चालायला लागलो. आबासाहेबांनी स्वतःच्या पायांकडं पाहिलं. मग त्या भल्या नटानं पायातले जुने जोडे काढले आणि काटे चुकवत, एक पाय उचलत, अनवाणी माझ्या मागून आले! पूर्ण अंगण. दिवेवाले हसून शिडीवर लोंबकळले. परभणीच्या मुलानं कानावरची यंत्रं काढून टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक पोट धरून खाली बसला आणि म्हणाला, "काका, हेच ठेवायचं!" इथं मी काहीही वाढवून सांगत नाही. गरजच नाही.

सुजाताला फोन केला. "शुक्रवारचा भाग बघायला हसनाबादला ये. उत्तर हाये त्यात." ती आली. वस्तीतली माणसं आली, घरात मावेनात, काही जण खिडकीत. मी सगळ्यांच्या मागं बसलो, माझे वडील त्या हजेरीला होते तसा.

प्रसंग आला. आबासाहेब गरजले. गणप्यानं जोडे उचलले, डोक्यावर ठेवले. "घेतले सरकार." मग आबासाहेबांचा हसरा चेहरा. मग वाड्यातल्या सगळ्या बायका हसताना. मग पाठमोरा गणप्या, डोक्यावर जोडे, एकटा चालताना. मग तेलाची जाहिरात.

एवढंच.

 मी उठलो. "आरं, पुढं हाये ना, ते कापलं! असं होतं बघा," म्हणत दारातल्या माझ्याच चपला डोक्यावर घेतल्या आणि खोलीभर फिरून सगळं करून दाखवलं, आबासाहेबांच्या अनवाणी चालीसकट. माणसं हसली, मनापासून हसली. सुजाता हसली नाही.

"चांगलं बोललात अण्णा," ती म्हणाली. "पण हे कोणी पाह्यलं?"

"सेटवरच्या सगळ्यांनी पाह्यलं."

"अन् जोडे?"

जोडे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला फोन लावला. तो आधीच शरमलेला होता. "काका, माझ्या हातात नव्हतं. चॅनेलवाल्यांनी वरून काढलं. आबासाहेबांचा रुबाब जातो म्हणाले."

"मंग जोडेपण काढायचे होते."

 तो खरं बोलला, त्याबद्दल त्याला मानतो. "जोड्यांवर लोक हसतात, काका."

मी म्हणालो, "सर, माझ्यापाशी दोनच गोष्टी आहेत, डोकं आन् जीभ. तुम्हाला नुसतं डोकं पायजे. तेवढं एकटं मला पाठवता येत न्हाई." आणि फोन ठेवला. आता इथं टाळ्या घ्यायची माझी जुनी खोड आहे, म्हणून पुढचंही सांगतो. पुढचा महिनाभर मी तो फोन उशाशी घेऊन बसलो. वाजला की धावायचो. एकदा भाकरी तव्यावर टाकून धावलो, ती जळली. वाटायचं, म्हणतील, काका या, उत्तर ठेवतो. त्या खुर्चीची आठवण येते, पाठीवर नाव असलेल्या. आबासाहेबांचा एकदा फोन आला, पण ठेच्यासाठी. म्हणाले, "तुम्ही बरोबर केलंत." मग म्हणाले, "मी करू शकलो नसतो." ते अजून आबासाहेबच आहेत.

मालिकेनं मला मारलं नाही, आजारी पाडलं नाही. एका भागात वाड्यावरची दुसरी बाई भांडी घासता घासता म्हणाली, "गणप्या गावाला गेला." संपलं. चार वर्षं एका घासण्यात धुऊन निघाली. त्यातही खोटं काही नव्हतं. मी हसनाबादलाच होतो, समोर बसून तेच बघत होतो.

परवा सुजाताचा फोन आला. शाळा सुटल्यावरचा, मागं पोरांचा कालवा चालला होता.

"अण्णा, आज पाचवीतल्या एका पोरानं विचारलं. म्हणे बाई, गणप्या कुठं गेला?"

"मंग? गावाला गेला म्हणून सांगायचं."

"न्हाई," ती म्हणाली. "मी म्हणाले, गणप्याचं मला ठावं न्हाई. माझे अण्णा घरी आहेत."

मी फोन कानाला तसाच धरून राहिलो. तिला वाटलं रेंज गेली. ती हॅलो, हॅलो करत राहिली.